मोठा नकाशा आणि स्वतःच्या सोंगट्या: स्ट्रॅटेजी बोर्ड गेम खेळणाऱ्या नवख्यांसाठी

रिस्क, डिप्लोमसी, ॲक्सिस अँड अलाइज असले खेळ नेमाने खेळणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. डाव रंगात आला की नेमक्या त्याच वेळी युरोपात सोंगट्या मावेनाशा होतात. रणगाडा पोलंडमध्ये आहे की जर्मनीत यावरून वाद होतो, कुणाच्या तरी बाहीने अर्धं आरमार शेजारच्या समुद्रात सरकतं, आणि मग कुठे काय होतं हे आठवण्यात पंधरा मिनिटं जातात. पट मोठा केला आणि हाताला नीट लागतील अशा सोंगट्या बनवल्या की हे सगळं थांबतं. शिवाय खेळही डोळ्यांना जास्त सुखावतो. हे काम घरी करता येतं, फक्त क्रम चुकवायचा नाही.

बहुतेक जण आधी नकाशा छापून आणतात आणि मग त्यावर बसतील अशा सोंगट्या शोधत बसतात. तुम्ही उलट्या बाजूने चला. आधी सोंगटीचं माप, मग सगळ्यात दाटीच्या प्रदेशाचा हिशेब, त्यातून नकाशाचं माप, आणि छपाई सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळलात तर छपाईचा पैसा एकदाच जातो.

१. तुमच्या खेळात दाटी कशामुळे होते ते ओळखा

सगळ्या खेळांना एकच औषध नाही. डिप्लोमसीच्या पटावर ७५ प्रांत आहेत, पण एका प्रांतात एका वेळी एकच सोंगटी उभी राहू शकते. तिथे नकाशा सरसकट मोठा केला की काम झालं. रिस्कमध्ये ४२ प्रदेश आहेत आणि एका प्रदेशात कितीही सैन्य साठू शकतं. तिथे नकाशापेक्षा मोठ्या किमतीच्या सोंगट्या, म्हणजे पाचची आणि दहाची, भरपूर असणं जास्त उपयोगी. ॲक्सिस अँड अलाइजमध्ये पायदळ, रणगाडे, विमानं, जहाजं अशी निरनिराळी सोंगटी एकाच प्रदेशात उभी राहते. खाली एकची आणि पाचची चिप ठेवून संख्या दाखवता येते, पण प्रकार कमी करता येत नाहीत. खरी गरज तिथे आहे.

हेक्सच्या, म्हणजे षटकोनी घरांच्या, पटावर चौकोनी काउंटरची (पुठ्ठ्याच्या छापील सोंगट्यांची) चळत किती उंच होऊ शकते ते नियमांत दिलेलं असतं. ते आत्ताच पाहून ठेवा.

याच वेळी सोंगट्यांची संख्याही तपासा. काही खेळांत संख्या हाच नियम असतो. कटानमध्ये प्रत्येक खेळाडूला ५ वस्त्या, ४ शहरं आणि १५ रस्ते मिळतात. हौसेने सहावी वस्ती बनवून पेटीत टाकलीत तर खेळाचा तोल जातो. डिप्लोमसीत ३४ पैकी १८ पुरवठा केंद्रं मिळाली की डाव जिंकला, म्हणजे कुठल्याही देशाला एका वेळी १७ पेक्षा जास्त सोंगट्या लागतच नाहीत. किती बनवायच्या हे नियमपुस्तकातून काढा, अंदाजाने नको.

२. सोंगटीचं माप ठरवा

अंगठा आणि तर्जनीत पकडून शेजारच्या सोंगटीला धक्का न लावता उचलता आली पाहिजे, ही पहिली कसोटी. माझ्या मते बुडाचा व्यास १२ मिमीपेक्षा कमी नको. १५ मिमी असेल तर ज्येष्ठ मंडळींनाही सोपं जातं.

आता प्रमाणाचा प्रश्न. खरं सैन्य आहे तसं, एकाच प्रमाणात छोटं करायचा मोह नवख्या माणसाला होतोच. आकडे बघा: १:७२ प्रमाणात पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक सुमारे २४ मिमी होतो. पटासाठी ठीक आहे. पण त्याच प्रमाणात ९ मीटर लांबीचं विमान साडेबारा सेंटीमीटर होतं आणि २१० मीटरची युद्धनौका जवळजवळ तीन मीटर! म्हणून खेळांमध्ये प्रत्येक प्रकाराला वेगळं प्रमाण असतं. सैनिक १:७२ किंवा १:१००, विमानं १:३०० च्या आसपास (ते ९ मीटरचं विमान आता ३० मिमी), जहाजं १:३००० (ती युद्धनौका ७० मिमी). टेबलावर हे अजिबात खटकत नाही, कारण खेळाडू प्रकार बाह्याकृतीवरून ओळखतो.

बाह्याकृती हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे. समोरच्या खुर्चीतून, म्हणजे जवळपास एक मीटरवरून, क्रूझर आणि डिस्ट्रॉयर या दोन प्रकारच्या युद्धनौका वेगळ्या दिसल्या पाहिजेत. त्यांची चित्रं काळ्या रंगाने सपाट भरून छोट्या आकारात छापा आणि लांबून पाहा. गोंधळ झाला तर लांबीत स्पष्ट फरक करा, नाहीतर बुडाचा आकार बदला. तोफांचे बारकावे वाढवून काही साधत नाही.

३. सगळ्यात दाटीचा प्रदेश मोजा

नकाशा किती पट मोठा करायचा हे याच आकड्यावर ठरतं. एक उदाहरण पुरं करून दाखवते.

समजा, सगळ्यात अडचणीच्या प्रदेशात एका वेळी आठ सोंगट्या उभ्या राहतात. बूड १५ मिमी. बोटांसाठी ३ मिमी मोकळी जागा सोडली तर प्रत्येकीला १८ × १८ मिमी लागतात. आठांचे झाले साधारण २६ चौरस सेंमी. प्रदेशाचं नाव आणि चिन्ह यांसाठी आणखी ४ धरा, म्हणजे ३०. पण प्रदेश काही चौकोनी नसतो. किनारा वेडावाकडा, कोपरे निमुळते, म्हणून जेमतेम दोन-तृतीयांश जागा कामी येते. त्यामुळे लागणारं क्षेत्रफळ झालं ४५ चौरस सेंमी.

आता मूळ पटावरचा तो प्रदेश ट्रेसिंग पेपरवर गिरवा, खाली आलेखाचा कागद धरा आणि चौकोन मोजा. समजा २० चौरस सेंमी निघाले. ४५ भागिले २०, म्हणजे सव्वादोन पट क्षेत्रफळ हवं. लांबी-रुंदी मात्र त्याच्या वर्गमुळाने वाढवायची, म्हणजे दीडपट. छपाईवाल्याला सांगायचा आकडा १५० टक्के. इथे फार जण फसतात. "दुप्पट मोठा करा" म्हणाल तर २०० टक्के होऊन क्षेत्रफळ चौपट होईल आणि पट टेबलावर मावणार नाही.

हेक्सच्या पटाचं गणित सोपं आहे. षटकोनाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर घ्या. त्याच्या ७३ टक्के बाजूचा चौकोनी काउंटर षटकोनाच्या आत पूर्ण बसतो. म्हणजे २० मिमीचा काउंटर रेषेवर न येता बसायला हवा असेल तर ते अंतर किमान साडेसत्तावीस मिमी लागेल. वॉरगेममध्ये अर्ध्या इंचाचे आणि पाच-अष्टमांश इंचाचे काउंटर सर्रास असतात. पाच-अष्टमांश, म्हणजे जवळपास १६ मिमीच्या काउंटरला २२ मिमीचा हेक्स हवा.

४. टेबल मोजा

५० × ७५ सेंमीचा पट १५० टक्क्यांवर ७५ × ११२.५ सेंमी होतो. तो ए-झीरो कागदात, म्हणजे ८४.१ × ११८.९ सेंमीत बसतो. भोवती प्रत्येक बाजूला किमान २० सेंमी तरी सोडा. पत्ते, फासे, राखीव सोंगट्या कुठे ठेवणार? मग खुर्चीत नेहमीसारखं बसून हात लांब करा. पटाच्या मध्यावर बोट टेकायला हवं. नाही टेकलं तर प्रत्येक चालीला उभं राहावं लागेल आणि बाहीचा त्रास परत येईल.

टेबल पुरत नसेल तर पुढच्या टप्प्यातला दुसरा मार्ग घ्या.

५. मूळ नकाशा: स्कॅन करायचा की नव्याने काढायचा

स्कॅन करणं लवकर होतं. घरचा स्कॅनर ए-फोर असेल तर पट तुकड्या-तुकड्यांनी स्कॅन करा, शेजारच्या दोन तुकड्यांत तीन-चार सेंमी भाग सामायिक ठेवा आणि हगिन किंवा गिंप या संगणक प्रोग्रॅममध्ये जोडा. पट प्रत्येक वेळी काचेला सपाट टेकलेला हवा, नाहीतर घडीपाशी रेषा जुळत नाहीत. छापील चित्र बारीक ठिपक्यांचं असतं, त्यामुळे स्कॅनमध्ये जाळीसारख्या लाटा उमटतात. ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन करून, अगदी हलका ब्लर (धूसरपणा) देऊन, मग ३०० वर आणा. लाटा बऱ्याच कमी होतात. ३०० चं स्कॅन १५० टक्क्यांवर २०० डीपीआय उरतं, आणि टेबलावरच्या नकाशाला तेवढं भरपूर आहे.

मला स्वतःला नव्याने काढलेला नकाशा जास्त पसंत आहे, कारण त्यात दाटीवर थेट इलाज करता येतो. सरसकट मोठं केल्याने सायबेरिया आणि प्रशांत महासागरही फुगतात, जिथे कुणी फारसं फिरकत नाही. नव्याने काढताना युरोप दुप्पट करा, सायबेरिया आहे तेवढाच ठेवा. भूगोल बिघडेल, खेळ सुधारेल. इंकस्केप या रेखाचित्रांच्या प्रोग्रॅममध्ये काढलेली रेषा कितीही मोठी केली तरी फुटत नाही. किनाऱ्यांसाठी नॅचरल अर्थ या नकाशा-संग्रहाचा डेटा घ्या. तो सार्वजनिक मालकीचा आहे आणि १:१ कोटी, १:५ कोटी, १:११ कोटी अशा तीन पातळ्यांवर मिळतो. खेळाच्या नकाशाला मधली पातळी पुरते. सगळ्यात बारकाईची घेतलीत तर नॉर्वेच्या खाचा साफ करण्यातच संध्याकाळ जाईल.

नव्याने काढताना सांभाळायची गोष्ट एकच, पण तीत चूक चालत नाही: कोण कोणाचा शेजारी आहे हे बदलता कामा नये. काढायला बसण्याआधी मूळ पट समोर ठेवून प्रत्येक प्रदेशाचे शेजारी लिहून काढा. नकाशा झाला की ती यादी दुसऱ्या कुणाला तरी देऊन पडताळून घ्या, कारण स्वतःच्या डोळ्यांना स्वतःची रेषा बरोबरच दिसते. विशेषतः चार प्रदेश एका बिंदूत भेटू देऊ नका. कर्णातले दोघे शेजारी आहेत की नाहीत यावर पुढे भांडण ठरलेलं. एक रेषा दोन-तीन मिमी सरकवून कोणते दोघे लागून आहेत ते स्पष्ट करा. सामुद्रधुन्या, कालवे आणि दोन किनाऱ्यांचे प्रांतही याच यादीत येतात. डिप्लोमसीत स्पेन, बल्गेरिया आणि सेंट पीटर्सबर्ग यांना दोन-दोन किनारे आहेत आणि आरमार कोणत्या किनाऱ्यावर आहे यावर पुढची चाल ठरते. तिथे दोन वेगळ्या जागा आखून द्या.

६. रंग आणि अक्षरं

नकाशा फिका, सोंगट्या गडद. एवढं पाळलं तरी अर्धं काम होतं. उलट केलंत तर सोंगट्या नकाशात हरवतात. लाल आणि हिरवा हे दोन रंग शत्रुपक्षांना देऊ नका. रंगांधळेपणात बहुतेकांना नेमका तोच फरक कळत नाही. रंगाबरोबर बुडाचा आकार किंवा पट्ट्यांची खूणही द्या.

नाव प्रदेशाच्या मधोमध लिहू नका. मधोमध सोंगट्या उभ्या राहणार. नाव कडेला घ्या. देवनागरीत नावं लिहिणार असाल तर वर वेलांटी-मात्रेला आणि खाली उकाराला जागा लागते, म्हणून रोमन अक्षरांसाठी ठेवलेल्या पट्टीत देवनागरी कोंबू नका. फाइल देण्याआधी सगळी अक्षरं आकृतीत बदला, म्हणजे ती फॉन्टवर अवलंबून राहणार नाहीत. हे राहून गेलं तर दुसऱ्याच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात आणि ‘र्‍हस्व’ वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते.

७. छपाईआधीची चाचणी

हा टप्पा गाळू नका. सगळ्यात दाटीचा प्रदेश आणि त्याचे शेजारी एवढाच तुकडा साध्या कागदावर ठरवलेल्या मापात छापा. त्यावर जास्तीत जास्त सोंगट्या उभ्या करा. सोंगट्या अजून बनलेल्या नसतील तर पुठ्ठ्याच्या चकत्या कापा. मधली एक उचला, परत ठेवा. शेजारची हलली तर माप वाढवा.

प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून ‘मूळ आकार’ किंवा १०० टक्के निवडा. नाहीतर तुमच्या नकळत सगळं तीन-चार टक्क्यांनी लहान होतं आणि हेक्स व काउंटर यांचं जमवलेलं गणित बिघडतं. नकाशाच्या कडेला बरोबर १० सेंमीची रेषा काढून ठेवा. छापून आल्यावर ती पट्टीने मोजली की माप कळतं. छपाईवाल्यालाही तीच रेषा दाखवा.

८. छपाई

देताना लागणाऱ्या गोष्टी:

- पीडीएफ फाइल, पान खऱ्या मापाचं
- चारही बाजूंना ३ मिमी जादा रंग, म्हणजे कापल्यावर पांढरी कड राहत नाही
- चित्र असेल तर अंतिम मापात किमान १५० डीपीआय (७५ × ११२.५ सेंमीसाठी सुमारे ४४३० × ६६४५ पिक्सेल)
- १० सेंमीची रेषा

पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग कधीच एक नसतो. झगझगीत निळा आणि हिरवा तर हमखास मंदावतात. आधी एक अरुंद पट्टी छापून घ्या, ज्यात सगळे रंग येतील.

कशावर छापायचं? जाड मॅट कागदावर अक्षर सगळ्यात स्वच्छ येतं, पण सांडलेल्या पाण्यापासून वाचवायला मॅट लॅमिनेशन हवं. चकचकीत लॅमिनेशन घेऊ नका. दिव्याचं प्रतिबिंब पडून अर्धा नकाशा दिसत नाही. फ्लेक्स टिकाऊ असतं, गुंडाळता येतं, मात्र बारीक अक्षर थोडं पसरतं. खाली रबर आणि वर कापड अशी निओप्रिनची मॅट सगळ्यात सुखाची: सोंगटी घसरत नाही, फासे आवाज करत नाहीत, पत्ता सहज उचलला जातो. घरच्या प्रिंटरवरच करायचं असेल तर पोस्टरेझर हा प्रोग्रॅम मोठ्या चित्राची ए-फोर पानं पाडून देतो. ती जोडताना चिकटपट्टी मागून लावा आणि जोड शक्यतो समुद्रातून जाऊ द्या.

९. सोंगट्या बनवण्याच्या तीन वाटा

*पुठ्ठ्याचे काउंटर.* नवख्याने इथूनच सुरुवात करावी. लागेल २ मिमी जाडीचा ग्रे बोर्ड, धारदार कटर, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट आणि गोंद. पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने कागद फुगतो आणि पुठ्ठा वाकतो, म्हणून थर पातळ लावा, दोन्ही बाजूंना कागद चिकटवा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा. पुढची आणि मागची बाजू जुळवण्यासाठी चारही कोपऱ्यांत टाचणीने आरपार भोकं पाडून खुणा करा. कापताना जोर लावू नका. एकाच रेषेवरून चार-पाच वेळा हलका हात फिरवा. आधी एका दिशेच्या सगळ्या रेषा कापा, पण कडेची पट्टी अखंड ठेवा, मग आडव्या. तसं केलं नाही तर सुट्ट्या पट्ट्या सरकतात आणि काउंटर तिरके होतात. पात्याचं टोक बोथट झालं की ते लगेच मोडून टाका.

*थ्रीडी प्रिंट.* आकार स्वतः संगणकावर रचायचा तर टिंकरकॅड हा प्रोग्रॅम शिकायला सोपा, ब्लेंडरमध्ये वाव जास्त. थ्रीडी आकाराच्या एसटीएल फाइलमध्ये माप असतं, पण एकक नसतं. इंचात काढलेली फाइल मिलिमीटर समजून वाचली गेली तर सोंगटी २५.४ पट लहान होते. म्हणून प्रिंट करण्याआधी स्लायसरमध्ये (आकाराचे थर पाडून प्रिंटरला देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उंची वाचाच.

प्लास्टिकच्या तारेवर चालणाऱ्या प्रिंटरची तोटी बहुधा ०.४ मिमी असते. ०.८ मिमीपेक्षा बारीक भाग नीट येत नाही, आला तरी पेटीत टिकत नाही. रणगाड्याची नळी प्रमाणापेक्षा जाड, दीड मिमी तरी ठेवा. ४५ अंशांपेक्षा जास्त बाहेर झुकणाऱ्या भागाला खालून टेकू लागतो, म्हणून विमानाच्या पंखाखाली थोडा उतार दिला की पुढचं घासकाम वाचतं. पहिला थर जरासा पसरतो. बूड खाचेत बसवायचं असेल तर त्याचा हिशेब ठेवा.

रेझिनच्या (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाच्या) प्रिंटरवर बारकावे कितीतरी सुंदर येतात, जहाजांसाठी तोच चांगला. पण ओलं रेझिन त्वचेला लागू देऊ नका. नायट्राइलचे हातमोजे, उघडी खिडकी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणं आणि अतिनील दिव्याखाली पक्कं करणं, यांतलं काहीही ऐच्छिक नाही. धुतलेलं अल्कोहोल मोरीत ओतू नका.

*साचा आणि ओतकाम.* एकसारखी पन्नास पायदळं हवी असतील तर एक उत्तम नमुना बनवून सिलिकॉनचा साचा करावा आणि त्यात दोन भागांचं पॉलियुरेथेन रेझिन ओतावं. एक धोका आधीच सांगते. प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन गंधकयुक्त चिकणमाती, लॅटेक्स आणि अर्धवट पक्कं झालेलं प्रिंटिंग रेझिन यांच्या संपर्कात आलं तर नमुन्यालगत चिकटच राहतं, आणि नमुना व साचा दोन्ही वाया जातात. नमुना रेझिन प्रिंटचा असेल तर टिनवर घट्ट होणारं सिलिकॉन घ्या. पॉलियुरेथेनला ओलावा सोसत नाही. दमट हवेत त्यात बुडबुडे होतात. मिसळल्यावर ते काही मिनिटांतच घट्ट होऊ लागतं, म्हणून साचे मांडून मगच मिसळा. धार बारीक ठेवा आणि साच्याच्या सगळ्यात खोल जागी सोडा.

१०. रंगकाम

साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, प्रायमर द्या, ॲक्रिलिकचे दोन पातळ थर, वर मॅट वॉर्निश. पट्टीवर दुहेरी टेपने ओळीने चिकटवून रंगवलंत तर वेळ वाचतो. वॉर्निश टाळू नका. सोंगटी सतत हाताळली जाते आणि कडांचा रंग आधी उडतो. खेळायच्या सोंगट्यांवर चेहरे-डोळे रंगवण्यात वेळ घालवण्यापेक्षा बुडाची कड देशाच्या रंगात ठसठशीत रंगवा. लांबून तीच दिसते.

११. हक्कांबद्दल

खेळ कसा चालतो ही कल्पना सहसा कॉपीराइटखाली येत नाही. पण पटावरचं चित्र, चिन्हं आणि नियमपुस्तकाचा मजकूर येतो, आणि नाव ट्रेडमार्क असू शकतं. विकत घेतलेल्या खेळाचा पट स्वतःच्या टेबलासाठी मोठा करणं निराळं, आणि त्याच्या प्रती विकणं किंवा स्कॅन वाटणं निराळं. छपाईवाला विचारूही शकतो. स्वतः काढलेल्या नकाशाचा इथेही फायदा होतो. दुसऱ्याची थ्रीडी फाइल वापरताना तिचा परवाना वाचा. बऱ्याच फाइली फक्त वैयक्तिक वापरासाठी असतात.

१२. साठवण

नकाशाला घडी घालू नका. किमान ७ ते ८ सेंमी व्यासाच्या नळीवर छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे पसरल्यावर कडा वर न उचलता खाली दबतात. सोंगट्या देशवार डब्यांत ठेवा आणि झाकणाच्या आत प्रत्येक प्रकाराची संख्या लिहा. डाव संपल्यावर मोजायला दोन मिनिटं लागतात, आणि हरवलेलं पायदळ त्याच दिवशी सोफ्याखाली सापडतं. तुटतील हे धरून प्रत्येक प्रकाराच्या दोन-तीन सोंगट्या जादा बनवा आणि वेगळ्या ठेवा. नंतर तोच रंग पुन्हा जुळवणं फार कठीण जातं.